पहिल्या अल्बमात रचनाकार कुठे शोधावा?

११ जून २०२५ रोजी ‘द बीच बॉइज’ या अमेरिकी पॉप बँडचे मुख्य रचनाकार ब्रायन विल्सन यांचे निधन झाले. त्यानंतर या सदरात मी याच बँडच्या ‘सर्फिन सफारी’ या १९६२ सालच्या पहिल्या अल्बमविषयी एक टिपण लिहिले होते. विल्सन यांची पुढची मोठी कामगिरी समजून घ्यायची असेल तर सुरुवात या कच्च्या अल्बमपासून करावी, असे त्यात म्हटले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील बरीचशी खान्देशातून आली आहेत, आणि त्यांतील काही तर माझ्या म्हणण्याशी सरळ वाद घालणारी आहेत. या अंकातील सर्व प्रश्न त्याच विषयावरचे आहेत.

प्रश्न : आपल्या शिफारशीवरून ‘सर्फिन सफारी’ पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. मला तो शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी बसवलेल्या गाण्यांसारखा वाटला. ज्यांना प्रतिभावंत म्हणतात ते विल्सन यात नेमके कुठे आहेत? (महाविद्यालयीन वाचक, अमळनेर)

उत्तर : तुमच्या तक्रारीतला मोठा भाग मला मान्य आहे. बारा गाण्यांचा आणि जेमतेम पंचवीस मिनिटांचा हा अल्बम आहे. त्यातली तीन गाणी इतरांची आहेत. उरलेल्या नवांत विल्सन यांचा हात असला, तरी ‘टेन लिटल इंडियन्स’ हे एका जुन्या बालगीतावरच उभे आहे, ‘चग-अ-लग’ रूट बिअर नावाच्या गोड पेयाचे कौतुक करते, ‘द शिफ्ट’ एका झग्याचे, आणि ‘काउंटी फेअर’मध्ये जत्रेतल्या खेळवाल्याचे ओरडणे गाण्याच्या चालीपेक्षा जास्त लक्षात राहते. शब्दांच्या बाजूने पाहिले तर यातले एकही गाणे जपून ठेवावे असे नाही. विल्सन हे मुळात चालीचे आणि आवाजांच्या मांडणीचे माणूस होते. शब्दांसाठी त्यांना बहुतेक वेळा सोबती लागत असे, आणि या अल्बमात ते सोबती म्हणजे गॅरी अशर आणि आतेभाऊ माइक लव्ह. तेव्हा त्यांना शब्दांत शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

मी तुम्हाला एक वेगळी पद्धत सुचवतो. हा अल्बम एका बैठकीत ध्वनिमुद्रित झालेला नाही. त्यातले ‘सर्फिन’ हे गाणे ऑक्टोबर १९६१ मधले आहे. ते आधी कँडिक्स नावाच्या लहान कंपनीने काढले होते. शीर्षकगीत आणि ‘फोर-ओ-नाइन’ ही दोन गाणी एप्रिल १९६२ मधली आहेत, आणि ती हाती आल्यावरच कॅपिटल या बड्या कंपनीने बँडशी करार केला. बाकीची बहुतेक गाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घाईघाईने उरकलेली आहेत, कारण शीर्षकगीत गाजू लागले होते आणि कंपनीला त्याच्या पाठोपाठ अल्बम हवा होता. म्हणजे एकाच रचनाकाराच्या एका वर्षातल्या तीन अवस्था एका तबकडीवर सापडतात. क्रम विसरा आणि तारखेप्रमाणे ऐका.

‘सर्फिन’ ऐकताना असे वाटते की मुले घरातल्या घरात गात आहेत आणि कुणीतरी यंत्र सुरू केले आहे. एक साधी गिटार, एक उभा बास, ढोलावर जुजबी थाप आणि सुरुवातीला माइक लव्ह यांच्या खर्जातले निरर्थक बोल, एवढाच ऐवज. ते बोल त्या काळच्या रस्त्यावरच्या गायकमंडळींकडून जसेच्या तसे उचललेले आहेत. तरीही गाणे ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ७५व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्यानंतर लगेच ‘सर्फिन सफारी’ लावा. गाणे प्रस्तावना न करता थेट ध्रुवपदावर उतरते, विजेची गिटार आणि ड्रम ठेका घट्ट धरून ठेवतात, आणि कडव्यात एकटा गायक व ध्रुवपदात सगळे, ही वाटणी इतकी स्वच्छ आहे की पहिल्यांदा ऐकणाराही दुसऱ्या वेळी सामील होऊ शकतो. मधे फक्त सहा-सात महिने गेले आहेत. हे गाणे १४व्या क्रमांकापर्यंत गेले, पण मला क्रमांकापेक्षा त्या सहा-सात महिन्यांचे महत्त्व वाटते, कारण तेवढ्या काळात या तरुणाला गाणे कुठून सुरू करायचे आणि कुणाला केव्हा गप्प बसवायचे, हे कळू लागले होते.

दुसरी गोष्ट जोडणीची आहे. विल्सन बंधू लॉस एंजेलिसजवळच्या हॉथॉर्न या गावचे. धाकटा कार्ल तेव्हा पंधरा वर्षांचा होता आणि रॉक अँड रोल गायक-वादक चक बेरी यांच्या गिटारवर लुब्ध होता. वीस वर्षांचे ब्रायन मात्र ‘फोर फ्रेशमेन’ या चार पुरुषांच्या जॅझ गायकवृंदाच्या तबकड्या घेऊन पियानोपुढे बसत आणि कोणता आवाज कोणत्या सुरावर आहे हे एकेक करून सोडवत. पहिले संगीत तरुणांच्या नाचाचे, दुसरे त्यांच्या आईवडिलांच्या पिढीतल्या संध्याकाळच्या मैफलींचे. ही दोन एका गाण्यात बसतील असे तेव्हा कुणाला फारसे वाटले नव्हते. शीर्षकगीतात खाली बेरी यांचा ठेका चालतो आणि वर फ्रेशमेनच्या वळणाचे आवाज उभे राहतात. जोड अजून दिसतो, पण पुढच्या चार वर्षांत विल्सन यांनी जे जे केले त्याचा पाया याच जोडावर आहे.

‘फोर-ओ-नाइन’ हे शेवरोलेच्या ४०९ घनइंच क्षमतेच्या इंजिनाचे गुणगान करणारे गाणे आहे आणि गीत म्हणून सामान्यच आहे. त्याच्या आरंभी गाडीचा जो आवाज येतो तो अशर यांच्या स्वतःच्या गाडीचा आहे, आणि विल्सन यांच्या घरासमोरच्या रस्त्यावर ती पळवून तो टिपून घेतलेला आहे. वाद्याबाहेरचा आवाज गाण्यात आणण्याची ही आवड पुढे टिकली. १९६६च्या ‘पेट साउंड्स’ या अल्बमच्या अगदी अखेरीस आगगाडी जाते आणि विल्सन यांचीच कुत्री भुंकतात.

आणि आता जे या अल्बमात नाही त्याविषयी. ज्या एप्रिलमध्ये ही दोन गाणी झाली त्याच वेळी ‘द लोनली सी’ नावाचे एक संथ, उदास गाणेही ध्वनिमुद्रित झाले होते. ‘सर्फर गर्ल’ची चाल तर त्याही आधीची, गाडी चालवताना गुणगुणत सुचलेली, आपली पहिली रचना म्हणून विल्सन स्वतः तिचाच उल्लेख करत. ही दोन्ही गाणी पहिल्या अल्बमात घेतली गेली नाहीत, १९६३ मध्ये बाहेर आली. कंपनीला सर्फिंगची, म्हणजे फळीवर उभे राहून लाटांवर स्वार होण्याच्या खेळाची, आणि मोटारींची गाणी हवी होती, त्यामुळे रचनाकाराचा हळवा भाग तबकडीबाहेर राहिला. तुम्हाला जो अल्बम रिकामा वाटला तो म्हणजे निम्मी उत्तरे गाळलेली मुलाखत होती, असे समजा.

प्रश्न : विल्सन स्वतः कधी लाटांवर गेलेच नाहीत, असे आपण लिहिले होते. मग लाटांवरची गाणी लिहिणे ही फसवणूक नव्हे काय? आमच्या बहिणाबाईंनी जे हातांनी केले तेच सांगितले. (निवृत्त शिक्षिका, शहादा)

उत्तर : बहिणाबाई चौधरी यांचे नाव आपण घेतलेत म्हणून उत्तर जरा सावकाश देतो. आसोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्या जे म्हणत ते मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी टिपून घेतले आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, ते आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपात आले. त्यांच्या अनुभवाच्या खरेपणाशी वीस वर्षांच्या एका अमेरिकी मुलाची तुलना मी करणार नाही. पण आपल्याच घरी जात्यावर बसलेल्या बायकांनी वनवासातल्या सीतेवर ओव्या रचल्या, पंढरी न पाहिलेल्या बायकांनी पंढरीच्या वाटेवर रचल्या, आणि त्या ओव्यांना आपण कधी खोटे म्हटले नाही. न पाहिलेल्या गोष्टीवर गाणे रचणे हा दोष धरला तर लोकगीतांचा मोठा भाग बाद करावा लागेल.

तरीही आपल्या प्रश्नात एक खोच आहे आणि ती मला टाळायची नाही. बीच बॉइजमध्ये लाटांवर जाणारा एकटा मधला भाऊ डेनिस विल्सन होता, आणि सर्फिंगवर गाणे करा हा आग्रहही त्याचाच होता. बँडचे नावसुद्धा मुलांनी घेतलेले नव्हे. ती स्वतःला ‘द पेंडलटोन्स’ म्हणवत होती, आणि पहिली तबकडी छापून आली तेव्हा कंपनीने परस्पर नवे नाव घातलेले त्यांना कळले. म्हणजे विषय भावाचा आणि नाव कंपनीचे. ब्रायन यांचे स्वतःचे त्यात काय होते, असे आपण विचाराल.

शीर्षकगीतातल्या कडव्यांकडे पाहा. त्यांत हंटिंग्टन, मालिबू, रिंकन, लगूना अशी किनाऱ्यांची नावे एकामागून एक येतात, आणि एक तर थेट पेरू देशातले आहे. धुळ्याच्या बसस्थानकावर कुणी साक्री, पिंपळनेर, नवापूर अशी गावे ओळीने पुकारली, तर ऐकणाऱ्याच्या मनात गावांचे वर्णन उभे राहत नाही, निघण्याची घाई मात्र उभी राहते. त्या कडव्यांचे काम तेवढेच आहे. नावे ठेक्यात बसली पाहिजेत आणि शेवटचा स्वर उघडा असला पाहिजे, म्हणजे ध्रुवपदावर उडी घेता येते. हे कसब समुद्रात उतरून येत नाही, पियानोपुढे बसून येते. स्वतःच्या अनुभवाचे गाणेही विल्सन यांनी पुढे केलेच. १९६३चे ‘इन माय रूम’ हे त्याच शयनगृहाचे गाणे आहे जिथे रात्री ते भावांना एकेक सूर शिकवत असत. ते त्यांच्या जगण्याचे खरे आहे. पण ते इतके नेटके उतरले याला आदल्या वर्षी किनाऱ्यांची नावे ठेक्यात बसवण्याची केलेली मजुरीही कारणीभूत आहे, असे माझे मत आहे. आपल्याला ते पटावे असा आग्रह नाही.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळात सगळे एकाच सुरात म्हणतात आणि कोरस म्हणजे मागून तेच धरणे, असे मी समजतो. बीच बॉइजचे आवाज वेगवेगळे जातात ते मला ऐकू येतात, पण कळत नाहीत. कसे ऐकावे? (रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

उत्तर : तुमचे निरीक्षण बरोबर आहे. आपल्याकडे पोवाड्यात झीलकरी असोत की कानबाईच्या गाण्यांत बायकांचा घोळका असो, बहुतेकदा सगळे एकच चाल म्हणतात. कुणी वरच्या पट्टीत तर कुणी खालच्या, पण चाल एकच. बीच बॉइजच्या पद्धतीत एक जण सा धरतो, तेव्हा दुसरा ग आणि तिसरा प धरतो, आणि हे तिन्ही सूर एकदम लागल्यावर जो एकत्रित नाद होतो त्याला कॉर्ड म्हणतात. फोर फ्रेशमेन या तीन सुरांत नी आणि त्यापलीकडचे सूरही मिळवत, त्यामुळे नाद किंचित अस्थिर होतो आणि कानाला पुढे काहीतरी व्हावेसे वाटते. विल्सन यांना हीच अस्थिरता हवी होती.

हार्मोनियम घरात असेल तर आधी सा-ग-प एकदम दाबा, मग त्यात कोमल नी मिळवा आणि थांबा. जी ओढ जाणवेल ती लक्षात ठेवा. मग ‘सर्फिन सफारी’ लावा आणि माइक लव्ह यांचा मुख्य आवाज मुद्दाम सोडून द्या. खाली खर्ज, मधे भावांचे एकमेकांना चिकटून जाणारे आवाज आणि सगळ्यांत वर ब्रायन यांचा बारीक, चोरटा आवाज, अशी उतरंड आहे. तो वरचा आवाज धरून गाणे संपेपर्यंत त्याच्याच मागे जा. दुसऱ्या वेळी मधले आवाज धरा. मधले आवाज ऐकणे सर्वांत कठीण असते, कारण त्यांची चाल स्वतंत्रपणे गुणगुणावी अशी नसते. वरचा सूर हलला की त्यांना जागा करून द्यावी लागते. हे गाणाऱ्यांना किती रियाझाने बसले असेल याचा अंदाज तेव्हा येतो, विशेषतः त्यांतला एक पंधरा वर्षांचा आणि दुसरा सतरा वर्षांचा असताना.

या अल्बमात आवाज पातळ वाटतात, याचे एक साधे तांत्रिक कारण आहे. पुढच्या, म्हणजे १९६३च्या ‘सर्फिन यूएसए’ या अल्बमपासून त्यांनी तोच आवाज दोनदा ध्वनिमुद्रित करून एकावर एक चढवण्याची पद्धत सरसकट वापरली, आणि त्यामुळे आवाजांना भरीवपणा आला. पहिला अल्बम बऱ्याच अंशी त्याच्याशिवाय आहे. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मला हा फायदाच वाटतो, कारण आवाज सुटे सापडतात. विल्सन यांना उजव्या कानाने लहानपणापासून जवळजवळ ऐकू येत नव्हते आणि स्टिरिओचा अनुभव त्यांना घेता येत नव्हता. साठच्या दशकातले आपले काम त्यांनी मुख्यतः मोनोमध्येच, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज येईल अशा पद्धतीने, केले. तेव्हा महागडे हेडफोन नाहीत याचे वाईट वाटून घेऊ नका.

प्रश्न : विल्सन शाळेत संगीतातच नापास झाले होते, ही गोष्ट खरी की दंतकथा? (चाळीसगाव)

उत्तर : खरी आहे, पण एका गृहपाठापुरती. हॉथॉर्नच्या शाळेत शेवटच्या वर्षी दिलेल्या रचनेच्या गृहपाठाला त्यांना ‘एफ’ श्रेणी मिळाली होती. २०१८ मध्ये शाळेने ती बदलून ‘ए’ केली. आपल्याकडच्या फेरतपासणीपेक्षा जरा जास्त वेळ लागला, इतकेच.

प्रश्न : आम्ही चार मित्र अहिराणीत पॉप गाणी करतो. लग्नसराईत कार्यक्रम होतात, युट्यूबवर दोन गाणी आहेत. आता अल्बम काढायचा आहे, पण मनासारखी पाचच गाणी झाली आहेत. बाकीची भरतीची घालावीत की थांबावे? शिवाय चाल एकाची, शब्द दुसऱ्याचे, आणि बाकी दोघे म्हणतात की गाणे सगळ्यांचे आहे. (धुळे)

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देतो. १९६२ मध्ये कॅपिटलला बारा गाणी हवी होती म्हणून बारा झाली, आणि त्यातली निम्मी आज कुणी आपणहून लावत नाही. तुमच्यावर अशी सक्ती कुणाचीच नाही. पाच चांगली झाली असतील तर पाचच काढा. मात्र भरतीची म्हणून बाजूला ठेवलेली गाणी अर्धवट सोडू नका; ती पूर्ण करा, घरी ध्वनिमुद्रित करा, तारीख घाला आणि ठेवून द्या. विल्सन यांनी जत्रेवर, झग्यावर, कुकू घड्याळावरसुद्धा गाणी पुरी केली, आणि गाणे शेवटास नेण्याची ती सवय त्यांना पुढे कामी आली. विषयाची चिंता तर मुळीच करू नका. केळीच्या बागा, आखाजीचा झोका, सुरतेला कामाला गेलेला भाऊ, मोटारसायकल, काहीही चालेल. मात्र ध्रुवपद कुठे येते आणि चौघांपैकी कोण केव्हा गप्प बसतो, हे आधी ठरवा. आजची बरीच लग्नातली गाणी मला एवढ्याच कारणाने थकवतात की सगळे सगळा वेळ वाजत असतात.

दुसरा भाग अधिक गंभीर आहे आणि तो मैत्रीवर सोडू नये. बीच बॉइजच्या सुरुवातीच्या अनेक गाण्यांवर माइक लव्ह यांचे नाव रचनाकार म्हणून छापलेलेच नव्हते. प्रकाशनाचे हक्क विल्सन बंधूंच्या वडिलांनी, मरी विल्सन यांनी, स्वतःच्या हाती ठेवले होते आणि १९६९ मध्ये ते सात लाख डॉलरला विकून टाकले. लव्ह पुढे न्यायालयात गेले आणि १९९४ मध्ये ३५ गाण्यांवर त्यांचा वाटा मान्य झाला. घरातल्या घरात बसून रचलेल्या गाण्यांचा निकाल असा तीस वर्षांनी परक्या लोकांनी लावला.

आपल्याकडे कॉपीराइट कायद्यानुसार शब्द ही एक कृती, चाल ही दुसरी आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. शब्दांचा हक्क लिहिणाऱ्याचा, चालीचा बांधणाऱ्याचा आणि ध्वनिमुद्रणाचा ते पुढाकार आणि जबाबदारी घेऊन घडवून आणणाऱ्या निर्मात्याचा, जोपर्यंत कराराने दुसरे काही ठरत नाही. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा राखून ठेवला आहे. तो त्यांनी वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला द्यावा, इतर कुणाला लिहून देता येत नाही. गाणाऱ्या आणि वाजवणाऱ्यांना कलाकार म्हणून वेगळे हक्क आहेत. म्हणून ‘गाणे सगळ्यांचे’ हे तुमच्या दोन मित्रांचे म्हणणे भावनेने ठीक असले तरी कायद्याने आपोआप खरे ठरत नाही. तुम्हाला चौघांत सारखे वाटायचे असेल तर तसे ठरवता येते, अनेक बँड ठरवतातही. पण गाणे युट्यूबवर चढवण्याआधी एका कागदावर प्रत्येक गाण्याचे नाव, शब्द कुणाचे, चाल कुणाची आणि येणाऱ्या पैशाची वाटणी कशी, हे लिहून चौघांच्या सह्या घ्या. कुणा ध्वनिफीत कंपनीने करार पुढे केला तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. गीतकार आणि संगीतकार दोघांनी रचनाकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचे सभासद व्हावे, असाही माझा सल्ला आहे.

प्रश्न : ‘सर्फिन सफारी’नंतर काय ऐकावे? थेट ‘पेट साउंड्स’ ऐकले तर चालेल का? (पाचोरा)

उत्तर : चालेल, पण मधले टप्पे गाळल्यास तो अल्बम आभाळातून पडल्यासारखा वाटेल. आधी १९६३चे ‘सर्फिन यूएसए’ घ्या. त्यात मागे राहून गेलेले ‘द लोनली सी’ आहे. मग त्याच वर्षीचा ‘सर्फर गर्ल’ ऐका, कारण निर्माता म्हणून ब्रायन विल्सन यांचे नाव प्रथम त्यावर आले. डिसेंबर १९६४ मध्ये विमानात त्यांना मानसिक झटका आला आणि त्यानंतर त्यांनी बँडबरोबर दौरे करणे सोडून स्टुडिओतच राहायचे ठरवले; १९६५चा ‘द बीच बॉइज टुडे’ हा अल्बम त्या निर्णयाच्या आसपासचा आहे आणि त्याची दुसरी बाजू, जिच्यावर जवळजवळ सगळी संथ गाणी आहेत, आधी ऐकावी. त्यानंतर ‘पेट साउंड्स’. त्यातले बहुतेक शब्द टोनी अ‍ॅशर यांचे आहेत, आणि अमळनेरच्या वाचकाने शब्दांविषयी केलेली तक्रार तिथे उरत नाही.